आलं की सोडलं

नदी पात्रात परत गेली की प्राध्यापक वृषाली इंगवले यांचा हंगाम सुरू व्हायचा. असं त्यांच्या विभागातले लोक पाठीमागे म्हणत, आणि पुढे पुढे त्या स्वतःच म्हणायला लागल्या होत्या. लोकांच्या घरातला चिखल उपसून होतो न होतो तोच वाहिन्यांचे फोन यायचे. मग समिती बसायची, मग समितीचा दौरा, मग अहवाल. नैसर्गिक आपत्तींचं राजकारण हा विषय त्यांनी पीएचडीला घेतला तेव्हा मार्गदर्शकांनी विचारलं होतं, "पावसात कसलं आलंय राजकारण?" तीस-पस्तीस वर्षं त्या त्याच प्रश्नाचं उत्तर देत राहिल्या. पाऊस निसर्गाचा, पण पाणी कुणाच्या घरात शिरणार हे माणसं ठरवतात. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे, रस्त्याचा भराव किती उंच करायचा, पहिली बोट कुठल्या गल्लीत पाठवायची, हे ढगांत ठरत नाही. त्यांनी हे वर्गात सांगितलं, पुस्तकांत लिहिलं, प्रत्येक अहवालात घातलं. अहवाल कपाटात गेले. बाई निवृत्त झाल्या. गुडघे बोलायला लागले.

आणि मग सरकारने त्यांचं म्हणणं मान्य केलं, आणि त्यांच्या डोक्याला खरा ताप तेव्हापासून सुरू झाला.

मान्य केलं ते एका यंत्राच्या भरवशावर. कागदोपत्री त्याचं नाव कारणविभाजन प्रणाली. लोक त्याला 'वाटणी' म्हणत, कारण भावाभावांत शेताची होते तशी इथे दोषाची वाटणी होत असे. प्रत्येक मोठ्या नदीची एक जुळी नदी आता संगणकात वाहत होती. नदीच्या तळाला बसवलेले संवेदक, धरणाच्या दरवाजांच्या नोंदी, उपग्रहांनी मोजलेली प्रत्येक घराच्या जोत्याची उंची, लोकांचे फोन कोणत्या वेळी कुठे होते, हे सगळं त्या जुळ्या नदीला क्षणोक्षणी कळत असे. पूर येऊन गेला की जुळ्या नदीत तोच पूर हजारो वेळा पुन्हा आणायचा, पण दर वेळी एक गोष्ट बदलून. दरवाजे एक दिवस आधी उघडले असते तर? रस्त्याचा भराव नसता तर? घरं वरच्या अंगाला असती तर? जी गोष्ट काढल्यावर पाणी जितकं उतरतं, तितका तिचा वाटा. दोन कारणांनी मिळून जे केलं, म्हणजे धरणाने सोडलेलं पाणी भरावाने अडवलं आणि ते गावात घुसलं, त्याची दोघांत वाटणी कशी करायची याचंही गणित होतं. सगळ्यांचे वाटे काढून जे उरेल ते निसर्गाचं.

यात चुकीचं काहीच नव्हतं. वृषालीबाईंनी स्वतः तपासलं होतं. पण यंत्रामागून कायदा आला. निसर्गाच्या वाट्यापुरतं पुनर्वसन सरकार करणार, माणसांच्या वाट्याचं भांडण लवादात जाणार, आणि लवादात गेलेलं अजून कुणी बाहेर आलेलं बघितलं नव्हतं. शिवाय रहिवाशांचा स्वतःचा वाटा चौथाईच्या वर गेला, तर ते गाव 'स्वओढ' ठरायचं. स्वओढ म्हणजे संकट स्वतः ओढवून घेतलेलं. स्वओढ गावाला नवं गावठाण नाही. आपत्ती नैसर्गिक नसते हे वाक्य बाईंनी आयुष्यभर सरकारच्या तोंडावर फेकलं होतं, आणि सरकारने ते अलगद झेलून पूरग्रस्तांच्या अंगावर टाकलं होतं.

"मॅडम, बेलकाठीचा आकडा आला," अन्वर मुजावर म्हणाला.

अन्वर त्यांचा विद्यार्थी. आधी इंजिनियर झाला, मग त्यांच्याकडे येऊन राज्यशास्त्रात पीएचडी केली, आणि दोन्हीची सांगड घालून त्याने 'वाटणी' उभी केली. आता तो तिचा संचालक होता. प्रत्येक पुरानंतर तीन जणांचं सुनावणी मंडळ बसे. बेलकाठीच्या मंडळाचं अध्यक्षपद घ्या म्हणून त्यानेच बाईंना गळ घातली होती. तुमचं नाव असलं की लोक विश्वास ठेवतात, म्हणाला होता.

"किती?"

"रहिवाशांचा वाटा चौथाईच्या किंचित वर."

"आणि धरणाचा?"

"सगळ्यांत मोठा. दरवाजे उघडायला उशीर केला, मग घाबरून एकदम उघडले. जुळ्या नदीत ते वेळेवर उघडून बघितले तर पाणी देवळाच्या पायरीशी थांबतं. त्यात शंकाच नाही, मॅडम. पण घरं पूररेषेच्या आत आहेत. आणि इशारा मिळूनही लोक हलले नाहीत."

"इशारे किती आले होते त्या महिन्यात?"

अन्वरने कपाळ चोळलं. "जवळजवळ रोज."

"रोज फोनवर इशारा टाकायचा आणि हात झटकायचे. पूर आला त्या दिवशीचा इशारा लोकांनी वेगळा ओळखायचा कसा?"

"हे तुमच्याच पुस्तकात आहे, चौथं प्रकरण. मी शिकवतो ते. पण यंत्राला इशारा पोचला की नाही एवढंच कळतं."

त्याचा चेहरा पडला होता. बाईंना त्याचा राग येईना. राग यायलाही अंगात थोडी ताकद लागते.

"सतरावं कलम आहे," तो हळूच म्हणाला. "सगळ्या साक्षीदारांनी एकमुखाने आपत्ती नैसर्गिक होती असं सांगितलं, तर मंडळ वाटणी बाजूला ठेवू शकतं. पूर्ण नैसर्गिक. मग गावठाण मिळतं."

"आणि धरणवाले?"

"सुटतात. भराव घालणारेही सुटतात. हे कलम कुणी घालून घेतलं असेल ते मी तुम्हाला काय सांगू!"

जबाब ऐकायला दुसरं यंत्र होतं, आणि त्याचं मूळही बाईंपाशीच होतं. पीएचडीच्या दिवसांत बेलकाठीत राहून त्यांनी पहिला निबंध लिहिला होता, 'आलं की सोडलं'. पूर येऊन गेल्यावर गावातली मोठी घरं म्हणतात, पाणी आलं. नदीलगतच्या आळीतले लोक म्हणतात, पाणी सोडलं. 'आलं' म्हटलं की कुणी काही केलेलंच नसतं. 'सोडलं' म्हटलं की नाव घेतलं नाही तरी सोडणारा कुणीतरी उभा राहतो. एवढ्या एका क्रियापदात पुराचं सगळं राजकारण आहे, असं बाईंनी लिहिलं होतं, आणि विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांकडून ते घोकून घेतलं होतं. अन्वरने ते यंत्राला शिकवलं. साक्षीदार 'आलं' म्हणाला की हिरवा दिवा, 'सोडलं' म्हणाला की लाल. एक जरी लाल लागला तरी सतरावं कलम संपलं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांनी साक्षीदाराला भेटू नये असा नियम होता. वृषालीबाई गेल्या. ज्या घरात दोन वर्षं जेवलो त्या घरच्या माणसाला भेटायला नियम कसला, असं त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हरने काही विचारलं नव्हतं.

बेलकाठी आता एका बंद सूतगिरणीच्या शेडमध्ये राहत होती. पत्र्याचे आडोसे केलेले, मधून साड्या बांधलेल्या. सुवर्णा कोळेकरचा आडोसा शेवटचा होता. बाई पहिल्यांदा गावात आल्या तेव्हा सुवर्णा नवी नवरी होती आणि तिच्या सासरच्या सोप्यात बाईंची खाट टाकलेली असायची. आता तिचे केस पिकले होते.

"या ताई. बसा. खुर्ची हाय बगा, सरकारी."

खुर्चीच्या वर तिच्या नवऱ्याचा, बाबासोचा फोटो होता. घरातले फोटो वाहून गेले होते, म्हणून मतदान कार्डावरचा मोठा करून आणला होता. त्यात तो भला माणूस पोलिसांनी पकडून आणल्यासारखा दिसत होता. त्याला अर्धांग झालेलं. पुरात शेजाऱ्यांनी त्याला उचलून स्लॅबवर नेलं. दोन दिवस तो आणि सुवर्णा पावसात स्लॅबवर बसून राहिले. फोन केला की उत्तर यायचं, बोट निघाली आहे. बोट निघाली होतीच, पण ती एका पुढाऱ्याच्या फार्महाऊसवर सामान काढायला गेली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबासो गेला.

सुवर्णाने चहा ठेवला आणि स्टोकडे बघत बोलायला लागली.

"सरपंच आल्ता सकाळी. म्हनला, वैनी, येक शब्द. पानी आलं म्हना. माळावर गावठान मिळतंय. न्हाईतर समद्यांनी ह्याच पत्र्यात मरायचं."

"मग?"

"मग काय? मी लगीन होऊन आले तवा तुमी त्यो टेप घिऊन बसायच्या सोप्यात. मी म्हनले, पानी आलं. तुमी म्हनला, सुवर्णा, आपूआप येतं व्हय ते? कोन सोडतं? मला त्या रातीला झोप लागली न्हाई बगा. खरंच की, कोनतरी सोडतंय. तवाधरनं मी आलं म्हनलेलीच न्हाई. नळाला पानी आलं तरी सोडलं म्हनते. सासू हसायची मला."

ती हसली. बाईंना हसू आलं नाही.

"आता ह्यांला पान्यानं न्हेलं आन मीच म्हनायचं, आलं? मला घर नगं ताई. येकटीला किती जागा लागती? पर मी घर नगं म्हनले की समद्यांचंच जातंय. लेकीचं बी त्यातच हाय. दोन बारकी हायती तिला, ह्या पत्र्यात तापानं फणफणल्यात." तिने कप पुढे केला. "तुमी सांगा काय म्हनू. पयल्यांदा बी तुमीच शिकिवलंसा."

वृषालीबाईंना लाज वाटली. एवढी पुस्तकं, एवढी व्याख्यानं, आणि समोरच्या एका बाईने उद्या काय बोलावं ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"मला विचारू नकोस, सुवर्णा."

"मग कुनाला इचारू? ह्यांला?" तिने मानेनेच फोटो दाखवला. बाई फोटोकडे बघत राहिल्या. मग तीच म्हणाली, "च्या घ्या. निवतोय."

परतताना गाडीत बाईंनी डोळे मिटून घेतले. सुवर्णा 'सोडलं' म्हणाली तर ते खरं असेल, आणि सगळं गाव त्या पत्र्यात म्हातारं होईल. ती 'आलं' म्हणाली तर तिच्या नवऱ्याचा जीव कुणीच घेतला नाही असं सरकारी शिक्क्याने ठरेल, आणि त्याखाली आपलीच सही असेल. तिने खोटं बोलावं असंच आपल्याला वाटतंय, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. असं वाटायला लागेपर्यंत आपण थकलो, याचं त्यांना जास्त वाईट वाटलं.

सुनावणी तालुक्याच्या मंगल कार्यालयात होती. मंडळ स्टेजवर बसलं. मागे 'शुभविवाह' ही थर्मोकोलची अक्षरं कुणी काढली नव्हती. मंडळातले निवृत्त न्यायाधीश पडद्यावर होते आणि अधूनमधून त्यांचं डोकं पडद्याच्या खाली जात होतं. तिसरे सदस्य जिल्ह्याचे अधिकारी, ते फोनमध्ये. धरणाच्या बाजूचा वकील पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या सोफ्यावर ऐसपैस बसला होता. टेबलावर तो दिवा. अन्वर त्याच्याशेजारी उभा.

साक्षीदाराला एकच प्रश्न होता: काय झालं?

सरपंचाने सुरुवात केली. "पाणी आलं, साहेब. निसर्गाचा कोप, दुसरं काय!" हिरवा. मग एकामागून एक. पाणी आलं. पानी आलं. रातीत पानी आलं. लोक पाठ केल्यासारखं बोलत होते आणि उतरताना कुणाकडे बघत नव्हते. एक म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, "पानी सो..." सगळं कार्यालय श्वास रोखून बसलं. म्हाताऱ्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर तो म्हणाला, "आलं." हिरवा. वकिलाने पाय सैल सोडले.

शेवटी सुवर्णा आली. पदर नीट केला. तिने बाईंकडे बघितलं नाही, दिव्याकडे बघितलं.

"काय झालं ते सांगा," अन्वर म्हणाला.

ती दिव्याकडेच बघत होती. मागून सरपंच कुजबुजला, "वैनी..." तिच्या लेकीने त्याला दंडाला धरून गप्प केलं.

"पानी आलं," सुवर्णा म्हणाली.

हिरवा. कार्यालयात हायसं वाटल्याचा आवाज झाला. कुणीतरी रडायलाही लागलं. न्यायाधीशांचं डोकं वर आलं. अन्वर पुढचं बोलणार तोच ती म्हणाली, "थांबा की. माजं व्हायचंय आजून."

सगळे थांबले. सरपंचाने डोळे मिटले.

"पानी आलं," ती पुन्हा म्हणाली. "दुसरं कोनबी आलं न्हाई."

दिवा हिरवाच राहिला. यंत्राने वाक्य ऐकलं, त्यात 'आलं' सापडलं, आणि कुणी काही केल्याचं त्यात कुठेच नव्हतं. अख्ख्या कार्यालयाला मात्र समजलं. वकिलाचे सैल सोडलेले पाय परत जवळ आले. वृषालीबाईंनी चष्मा काढला आणि पुसत बसल्या, कारण डोळे पुसायची ती जागा नव्हती. आपल्या निबंधात ही शक्यताच नव्हती, त्यांच्या मनात आलं. आपण 'आलं'ला निर्दोष ठरवून मोकळे झालो होतो.

अन्वर त्यांच्याजवळ येऊन वाकला. "सतरावं कलम लागू होतं, मॅडम. निष्कर्षाचा मसुदा तयार आहे. पहिलं वाक्य घेतलं की झालं. पाणी आलं, सबब आपत्ती पूर्ण नैसर्गिक."

"हा निष्कर्ष दगडावर जातो ना?"

"हो. गावठाणाच्या वेशीवर." कायद्यात तशी तरतूद होती. फीत कापायला येणाऱ्यांना फोटोसाठी पाठीमागे काहीतरी लागतं.

"मग लिही. बेलकाठीत पाणी आलं. दुसरं कुणी आलं नाही. सबब आपत्ती पूर्ण नैसर्गिक."

अन्वरची बोटं थांबली. सोफ्यावरून वकील उठला. "अध्यक्षमहोदया, हरकत आहे. दुसरं वाक्य असंबद्ध आहे."

"शेवटच्या साक्षीदाराचा जबाब आहे," वृषालीबाई म्हणाल्या. "यंत्राने नैसर्गिक म्हणून मान्य केलाय. तुमची यंत्रावर हरकत असेल तर तशी नोंद घेते. मग सगळेच जबाब पुन्हा ऐकावे लागतील. तो म्हाताराही."

वकिलाने म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा त्याच्याकडेच बघत होता. वकील बसला. अन्वरने दोन्ही वाक्यं लिहिली, आणि बाईंनी सही केली.

धरणवाले सुटले. ज्याने दरवाजे उशिरा उघडले त्याला बढती मिळाली, असं पुढच्या वर्षी कानावर आलं. वृषालीबाईंनी त्यावर लेख लिहायला घेतला आणि अर्धा झाल्यावर ठेवून दिला. 'आलं की सोडलं'ची नवी आवृत्ती निघत होती. तिच्यासाठी एक प्रकरण लिहायचं होतं, तेही झालं नाही. अन्वरने मात्र दर महिन्याला न चुकता फोन केला. यंत्राला दुसरं वाक्य समजायला शिकवायचं का, असं त्याने एकदा विचारलं. नको, बाई म्हणाल्या, आत्ता आहे तेवढी एक फट राहू दे.

माळावरच्या गावठाणाचं उद्घाटन झालं तेव्हा त्या गर्दीत मागे उभ्या होत्या. मंत्र्यांनी फीत कापली आणि दगडावरचा मजकूर मोठ्याने वाचायला घेतला. "बेलकाठीत पाणी आलं." मग पुढचं डोळ्यांनी वाचलं आणि थांबले. माइक चालूच होता. त्यांनी मागे वळून कुणाकडे तरी बघितलं, मग सत्काराचा नारळ घेतला आणि गाडीकडे निघाले. टाळ्या वाजवायच्या की नाही ते लोकांना समजेना.

सुवर्णाने बाईंना नवं घर दाखवायला नेलं. दोन खोल्या, पांढऱ्या भिंती, ओल्या चुन्याचा वास. एका भिंतीवर मतदान कार्डावरचा बाबासो लावून झाला होता.

"रागावला न्हाईसा न्हवं, ताई? मी आलं म्हनले."

"मी कोण रागावणार!" बाई म्हणाल्या. "तू म्हणालीस ते मला इतक्या वर्षांत लिहिता आलं नाही."

सुवर्णा चहाचं आधण ठेवायला वळली, तेवढ्यात मोरीतला नवा नळ खोकल्यासारखा वाजला, दोनदा थुंकला, आणि त्यातून तांबूस धार सुरू झाली.

"सोडलं बगा पानी," ती म्हणाली, आणि घागर घेऊन मोरीकडे गेली.